मशीन ठेवायचं की उचलायचं

प्रिय दोस्ता,

तुझा तक्ता मिळाला. तुझ्या व्हेंडिंग मशीनची पाच ठिकाणं, प्रत्येकापुढे महिन्याची विक्री आणि खाली प्रश्न: सगळ्यात कमी खपाचं मुलुंडचं मशीन उचलू का? नुसत्या विक्रीवरून याचं उत्तर निघत नाही. आपल्याकडे छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेता येत नाही, बाटली गार करून दिली तरी नाही. भाव वाढवायची सोय नाही म्हटल्यावर जे उरायचं ते खर्चातूनच उरणार, आणि खर्चाचा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच.

अंधेरी एमआयडीसीतलं ऑफिस तुला सगळ्यात भारी वाटतंय, त्याचाच हिशेब मांडू. विक्री २६,०००. माल १९,५०० चा, म्हणजे हातात ६,५००. त्यातून तारीख उलटलेला माल आणि परत केलेले पैसे ४००. जागेचं कमिशन विक्रीवर ५ टक्के, १,३००. ‘पाचच टक्के’ म्हणून तू मान डोलावलीस, पण ते विक्रीवर आहेत. तुझ्या नफ्यातला पाचवा हिस्सा तिथेच जातो. वीज रोज ६ युनिट धर, युनिटला १२ रुपये, महिन्याला २,१६०. क्यूआरने पैसे घेण्याची सोय आणि सिम देणाऱ्या कंपनीचे ६००. उरले २,०४०. आता माल भरायच्या महिन्याला ८ फेऱ्या. पोऱ्याचा अर्धा दिवस, रिक्षा, गेटपास, सर्व्हिस लिफ्टपुढे ताटकळणं, सगळं धरून फेरीला ३००, म्हणजे २,४००. झाले उणे ३६०. मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही. १,८०,००० चं मशीन ६ वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला आणखी २,५००.

आता मुलुंडचं हॉस्टेल. विक्री १४,०००. तिथे पाणी आणि थंड पेयंच जास्त जातात, म्हणून मार्जिन २८ टक्के: ३,९२०. कमिशन नाही, वीज हॉस्टेलची. नासधूस २००, क्यूआरचे ४५०. गोडाऊन भांडुपला, त्यामुळे फेरी १५० मध्ये होते, अशा चार: ६००. उरले २,६७०, म्हणजे मशीनची किंमतही निघाली. ज्याला तू उचलायला निघालास तेच तुझं मशीन पोसतंय. (जीएसटी नोंदणी असेल तर हे सगळे आकडे कर वगळून मांड, नाहीतर मार्जिन फुगलेलं दिसतं.)

तरीही अंधेरी लगेच सोडू नकोस. आधी बघ, जागा वाईट आहे की आपली मांडणी.

मशीनच्या लॉगमध्ये, म्हणजे विक्रीच्या नोंदीत, प्रत्येक स्पायरलची (माल पुढे ढकलणाऱ्या वळणदार तारेची) शेवटची विक्री किती वाजता झाली ते दिसतं. अंधेरीत पाण्याला दोनच स्पायरल दिलेत, एकात आठ बाटल्या. सोमवारी सकाळी भरलं तर मंगळवारी दुपारी ते संपतं आणि गुरुवारच्या फेरीपर्यंत ते स्पायरल रिकामेच राहतात. त्याच वेळी क्रीम बिस्किटांचे चार स्पायरल महिनाभर अर्धे भरलेले. आठवड्याची दुसरी फेरी होते ती फक्त पाण्यासाठी. ज्या मालाचा महिन्याचा खप एका स्पायरलइतकाही नाही, तो काढ. पाण्याला पाच स्पायरल दे, दोन ताकाला दे. फेऱ्या आठाच्या पाच होतील, ९०० वाचतील. बिस्किटांत मार्जिन कमी, पाण्यात बरं; त्या अदलाबदलीने २५ चे ३० टक्के झाले तर आणखी १,३००. नवा माल नेहमी मागे सरकव, जुना पुढे.

एवढं करूनही १,८४० च उरतात, मशीनचे २,५०० निघत नाहीत. राहिली वीज. फक्त या मशीनची वीज मोजणारा एक सबमीटर लाव, महिनाभराचं रीडिंग घे आणि ते घेऊन ऑफिसच्या ॲडमिनकडे जा. कमिशन पाचाचं तीन टक्के करून घेण्यापेक्षा वीज त्यांच्या बिलात टाकून घेणं फायद्याचं: पहिल्यात ५२० सुटतात, दुसऱ्यात २,१६०. शिवाय ॲडमिनला कमिशन सोडायला साहेबांची सही लागते. एका प्लगची वीज त्याच्या लेखी किरकोळ असते. वीज मिळाली तर अंधेरी ४,००० वर जाईल. नाही मिळाली तर उचल.

खप कमी दिसण्याची कारणं पुष्कळदा मशीनमध्येच असतात. तळमजल्याखाली नेटवर्क नसलं की क्यूआर फिरत बसतो आणि गिऱ्हाईक दोनदा वाट पाहून खालच्या टपरीवर जातं. तुला लॉगमध्ये फक्त ‘विक्री नाही’ एवढंच दिसतं. ट्रेवरच्या ड्रॉप सेन्सरवर धूळ बसली तर पाकीट पडूनही मशीनला ते कळत नाही. मग ते पैसे परत करतं किंवा स्पायरल पुन्हा फिरवून दुसरं पाकीट देतं. फुगलेलं वेफर्सचं पाकीट अरुंद स्पायरलमध्ये घातलंस तर काचेला टेकून लटकतं. मोठ्या अंतराचा स्पायरल लाव. आणि सिक्युरिटीवाला रात्री आठला मेन बंद करत नाही ना, ते एकदा आठनंतर जाऊन बघच. मशीनच्या मागे वीतभर जागा नसली तर कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि बिल वाढतं.

मालाडच्या कॉल सेंटरची विक्री तासांनुसार काढ. रात्री अकरा ते पाच या वेळात ती एकवटलेली असेल तर दिवसाच्या मंदीची फिकीर नको. कँटीन बंद असतानाच आपलं चालतं. दुपारी एक वाजता वडापावच्या गाडीशी स्पर्धा करायला जाऊ नकोस.

महिने जोखताना उघडे दिवस मोज. ऑफिसची महिन्याची विक्री २२ ने भाग, ३० ने नाही. हॉस्टेल मे महिन्यात रिकामं असतं, ऑफिस गणपती-दिवाळीत. त्या महिन्यावरून निकाल लावू नकोस. नवीन जागेला ९० दिवस दे. पण पहिल्या महिन्यात मशीन भरलेलं असूनही खप हलला नाही, तर पुढच्या साठ दिवसांत फारसा चमत्कार होत नाही.

मरोळचं मशीन कमी खपाचं आहे, पण अंधेरीच्या वाटेवर आहे. त्याच फेरीत वीस मिनिटं जास्त जातात. अंधेरी आहे तोवर ते परवडतं. अंधेरी उचललंस तर मरोळची फेरी एकट्यावर पडेल, तेव्हा दोघांचा निर्णय एकत्र घे. परळच्या हॉस्पिटलची अडचण उलटी: खप बरा, पण शहराच्या त्या टोकाला दुसरं मशीन नाही. आसपास आणखी एक जागा मिळाली तरच ते टिकेल.

उचलायचंच ठरलं तर नवी जागा पक्की झाल्यावरच उचल, गोडाऊनमध्ये उभं मशीन काही कमवत नाही. आधी सगळा माल आणि ट्रे काढ, मशीन एकटंच अडीच-तीनशे किलोचं असतं. चार हमाल सांग, आणि लिफ्टची वजनमर्यादा आदल्या दिवशी वाचून ये. टेम्पोत आडवं टाकू देऊ नकोस. कलंडलंच तर नव्या जागी चोवीस तास उभं ठेवून मगच स्विच लाव, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल नळीत गेलेलं असतं आणि दुरुस्तीत दोन महिन्यांची कमाई जाते.

सबमीटरचं रीडिंग आलं की कळव.