बेळगावचे तीन आणि चंदगडचे दोन डेव्हलपर: सहकारी संस्था काढावी की प्रायव्हेट लिमिटेड?

पाचच जण असाल तर दोन्ही नको. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नोंदवा आणि सहकाराचे नियम तिच्या करारनाम्यात घाला. बेळगाव-चंदगड म्हणजे दोन राज्यं, आणि बहुराज्य सहकारी संस्थेला २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यातले किमान ५० सभासद लागतात. एलएलपीला दोन भागीदार पुरतात. करारनाम्यात लिहा: भांडवल कितीही असो, एका भागीदाराला एकच मत. नफ्याची वाटणीही ठरवून लिहा. नाहीतर कायदा ती समान धरतो आणि रात्री जागून सर्व्हर सांभाळणारा व नुसतं नाव लावणारा सारखेच ठरतात. सगळ्यात जपायचं ते कोड. भागीदार नोकर नसतो, त्यामुळे त्यानं लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट आपोआप फर्मचा होत नाही. हस्तांतरण लेखी घ्या. त्यात मुदत लिहायची राहिली तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत. करारनामा नोंदणीपासून ३० दिवसांत फॉर्म ३ मध्ये भरा. मात्र बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच करा, कारण एलएलपीत शेअर देता येत नाहीत.