चकली किती, शेव किती? हिशेब कढईला विचारा

या खेपेला तीन पत्रं घेतो. तिघांनाही हेच विचारायचंय की हातात आहे तेवढ्यात जास्तीत जास्त कसं साधायचं. बरीच वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात प्लॅनिंगच्या टेबलावर हेच काम केल्यामुळे संपादकांनी पत्रं माझ्याकडे ढकलली आहेत.

आणखी एक बाई की आणखी एक कढई?

*चिपळूणला माझा घरगुती फराळाचा उद्योग आहे. दिवाळीआधी भाजणीची चकली आणि शेव, एवढंच करते. चकलीला किलोमागे ९० रुपये सुटतात, शेवेला ५०. घरचे म्हणतात, मग चकलीच कर. मोठी कढई एकच, दिवसाला दहा तास पेटते. किलोभर चकली तळायला ६ मिनिटं, शेवेला ३. चार बायका येतात, प्रत्येकीचं साडेपाच तास काम. मळणं, पाडणं, पिशव्या भरणं धरून किलोभर चकलीला १२ मिनिटं हात लागतात, शेवेला ८. पुतण्या म्हणतो, एक्सेलमध्ये घाल, उत्तर मिळेल. मला एवढंच सांगा, आणखी एक बाई लावू की आणखी एक कढई घेऊ? – एक वाचक भगिनी*

ताई, किलोला किती मिनिटं लागतात हे मोजून लिहिणारं पत्र या टेबलावर क्वचितच येतं. बहुतेकांचं पत्र ‘परवडत नाही’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

आधी एक खात्री करून घ्या. हे ९० आणि ५० काढताना मजुरी वजा केली आहे का? केली असेल तर परत काढा. बायकांचा रोज चकली केली तरी द्यायचाय, शेव केली तरी द्यायचाय. कढईखालचा गॅसही दहा तास जळणारच. या हिशेबात फक्त भाजणी, बेसन, तेल, मसाला, पिशवी वजा करायची. रोजाचा खर्च किलोवर वाटून टाकला की कोणता माल किफायतशीर हे हमखास चुकीचं दिसतं. मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीसही हे करतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

तुमचे आकडे मजुरीआधीचे आहेत असं धरतो. दिवसाला कढईची ६०० मिनिटं, हातांची १३२०. नुसती चकली केलीत तर कढई शंभर किलोला संपते, ९००० रुपये सुटतात आणि बायकांचे दोन तास रिकामे जातात. नुसती शेव केलीत तर हात १६५ किलोला संपतात आणि ८२५० सुटतात. ७० किलो चकली आणि ६० किलो शेव केलीत तर कढईही पुरी वापरली जाते, हातही. तळून बघा: ७० गुणिले ६ अधिक ६० गुणिले ३, बरोबर ६००. ७० गुणिले १२ अधिक ६० गुणिले ८, बरोबर १३२०. सुटतात ९३०० रुपये.

नुसत्या चकलीपेक्षा तीनशे रुपयेच वाढले म्हणून घरचे नाक मुरडतील. मुरडू द्या. मर्यादा सांभाळून जास्तीत जास्त साधायच्या या पद्धतीला लिनिअर प्रोग्रॅमिंग (एलपी) म्हणतात, आणि तिचा खरा माल पुढे आहे. पुतण्याला सांगा, एक्सेलमधल्या सॉल्व्हर या साधनात ‘सिम्प्लेक्स एलपी’ ही रीत निवड, आणि त्याने उत्तर दिल्यावर लगेच ‘ओके’ दाबू नकोस, त्याच खिडकीतला ‘सेन्सिटिव्हिटी’ हा रिपोर्ट निवड. त्यात ‘शॅडो प्राइस’ नावाचा रकाना असतो. तुमच्या आकड्यांवर तिथे कढईसमोर १० येईल आणि हातांसमोर अडीच. म्हणजे कढई एक मिनिट जास्त मिळाली तर दहा रुपये जास्त सुटतात, हातांचं एक मिनिट वाढलं तर अडीच. तासाच्या भाषेत कढईचा तास ६०० रुपयांचा, एका बाईचा तास दीडशेचा. तुमच्याकडे बाईचा रोज तासाला दीडशेच्या आत बसत असेल तर ती लावणं फायद्याचं. कढई तासभर जास्त पेटवायचा खर्च सहाशेच्या आत असेल तर तेही फायद्याचं.

पण रकाना इथेच सोडू नका. शेजारी ‘अलाऊएबल इन्क्रीज’ असतो, तो भाव कुठवर चालतो हे सांगतो. हातांसमोर तिथे २८० मिनिटं येतील, पावणेपाच तासांना थोडी कमी. कढईसमोर फक्त ६०. म्हणजे कढईचा पहिला जादा तास सहाशे रुपयांचा आणि दुसरा शून्याचा! कारण तासभर वाढल्यावर हात आधी संपतात, मग कढई नुसती तापत बसते. तेव्हा दुसरी कढई विकत घेऊ नका. आहे तीच सकाळी तासभर आधी पेटवा आणि पाचवी बाई चार तासांसाठी बोलवा. तेवढ्यात ५० किलो चकली आणि १२० किलो शेव होते, १०,५०० सुटतात. त्यातून तिचा चार तासांचा रोज आणि तासभराचा गॅस वजा करा. गंमत बघा, माणूस वाढवल्यावर चकली वाढली नाही, उलट घटली. हे अंदाजाने कुणालाही सुचत नाही, मलाही सुचलं नसतं.

आता सावध करतो. पाचवी बाई न लावता फक्त कढईचा तास वाढवलात तर यंत्र सांगेल, ११० किलो चकली करा आणि शेव अजिबात नको. पैशांच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण दिवाळीत शेव ठेवली नाहीत तर गिऱ्हाईक चकलीही दुसरीकडून घेईल, हे तुम्हाला ठाऊक आहे, यंत्राला नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते धरणार नाही. जॉर्ज डान्टझिग या अमेरिकन गणितज्ञाने १९४७ मध्ये या गणितांची सगळ्यांत गाजलेली रीत, सिम्प्लेक्स, शोधली. पुढे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं तेव्हा गड्याने स्वतःचा आहारच यंत्रावर घातला. अट अशी की उष्मांक बेतात राहावेत आणि पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं. यंत्राने दिवसाला पाचशे गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं! व्हिनेगर काढून टाकल्यावर सूपच्या वड्या आल्या, दिवसाला दोनशे. कोणत्या पदार्थाला किती मर्यादा हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि यंत्राकडे जीभ नसते.

म्हणून सॉल्व्हरला बसण्याआधी वहीत लिहून काढा: शेव कमीत कमी किती हवीच, चकली जास्तीत जास्त किती खपते, कोणत्या दिवशी वीज जाते, कुणाची ऑर्डर शब्द देऊन घेतली आहे. पुतण्या सोडवायला पाच मिनिटं लावेल. वहीला एक संध्याकाळ जाईल, आणि ती वही तुम्हालाच लिहावी लागेल.

करमरकरांची रीत माझ्या एक्सेलमध्ये आहे का?

*मी सांगलीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नरेंद्र करमरकरांनी ही गणितं सोडवायची नवी रीत शोधली असं वाचलं. मग आम्हाला अजून सिम्प्लेक्सच का शिकवतात? – एक विद्यार्थी*

कारण सिम्प्लेक्स अजून निवृत्त झालेली नाही. सगळ्या अटी एकत्र मांडल्या की अनेक कोपरे असलेला एक आकार तयार होतो आणि उत्तर कुठल्यातरी कोपऱ्यावर सापडतं. सिम्प्लेक्स कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी दाखवून दिलं की मुद्दाम रचलेल्या गणितात ती बिचारी सगळे कोपरे पालथे घालते. १९७९ मध्ये रशियाच्या खाचियनने कागदावर खात्रीशीर वेगाची रीत दिली, पण प्रत्यक्षात ती रेंगाळत चालायची.

१९८४ मध्ये करमरकर अमेरिकेत बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत होते. जन्म ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, शिक्षण आयआयटी मुंबईत. त्यांची रीत कडेला न जाता आकाराच्या पोटातूनच वाट काढते. सैद्धांतिक हमी होती आणि मोठ्या गणितांवर वेगही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या नोव्हेंबरात बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या रीतीला असा मान रोज मिळत नाही. पुढे बेल लॅब्सच्या मालक कंपनीने त्या रीतीवर पेटंट घेतलं, १९८८ मध्ये ते मंजूर झालं, आणि गणितज्ञांत मोठी वादावादी झाली. माझं मत विचारशील तर गणिताच्या रीतीला कुंपण घालू नये. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या रीती फुकट वापरणाऱ्याचं हे मत आहे, ते तेवढ्याच किमतीला घे.

तुझ्या एक्सेलमध्ये ‘सिम्प्लेक्स एलपी’ असंच लिहिलेलं दिसेल, लहान गणितांना ती भरपूर झाली. विमान कंपन्या वा तेल शुद्धीकरण कारखाने जे भारी सॉफ्टवेअर वापरतात त्यात दोन्ही घराण्यांच्या रीती असतात आणि गणित बघून निवड होते.

परीक्षेत कुणी विचारणार नाही, तरी एक नाव लक्षात ठेव: लिओनिद कान्तोरोविच. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने या सोव्हिएत गणितज्ञाला विचारलं की वेगवेगळ्या यंत्रांवर लाकडाचं काम कसं वाटावं. १९३९ मध्ये, डान्टझिगच्या आठ वर्षं आधी, त्याने ही मांडणी प्रसिद्ध केली. तुम्ही ज्याला शॅडो प्राइस म्हणता तेही त्याच्याकडे होतं. पण साधनांना असे भाव लावणं हे तिथल्या सरकारी विचारात बसत नव्हतं, त्यामुळे काम बराच काळ झाकून राहिलं. १९७५ मध्ये त्याला आणि कूपमन्स या अर्थशास्त्रज्ञाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. डान्टझिगला मिळालं नाही, आणि त्याबद्दल आमच्या धंद्यातले लोक अजून कुरकुरतात.

२.६ ट्रक कुठे मिळतात?

*लासलगावहून वाशीला २६ टन कांदा पाठवायचाय. दहा टनी ट्रक १३,५०० रुपये घेतो, चार टनी टेम्पो ६०००. मुलाने लॅपटॉपवर गणित घातलं तर उत्तर २.६ ट्रक! मी तीन ट्रक सांगून मोकळा होणार होतो. बरोबर ना? – एक व्यापारी*

दादा, फोन खाली ठेवा. तीन ट्रकचे ४०,५०० होतात. टनाला ट्रक १३५० आणि टेम्पो १५०० पडतो, म्हणून यंत्र ट्रकच्याच मागे लागलं. पण अर्धवट भरलेल्या ट्रकला भाडं पूर्णच जातं. दोन ट्रक आणि दोन टेम्पो केलेत तर ३९,०००. एक ट्रक आणि चार टेम्पो केलेत तर बरोबर २६ टन बसतात आणि होतात ३७,५००. तीन हजार वाचले. २.६ चे जवळचे आकडे दोन आणि तीन. तिथून एकावर कुणी स्वतःहून जात नाही.

मुलाला सांगा, जिथे अटी घालतो त्या खिडकीत बरोबरच्या चिन्हांच्या यादीतच ‘इंट’ असा शब्द आहे. ट्रक आणि टेम्पोंच्या घरांना तो लावायचा, म्हणजे उत्तर पूर्णांकातच येतं. लॅपटॉपवर एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यातही सॉल्व्हर असतं. गाड्या दहा-वीस असतील तर क्षणात सुटेल. शेकडो गाड्या, अनेक बाजारपेठा आणि वेळेच्या अटी आल्या की पूर्णांकाची गणितं भलतीच हट्टी होतात, तेव्हा तुमच्या मुलाला भारी सॉफ्टवेअर लागेल. आज लागणार नाही.

चिपळूणच्या ताईंना सांगितलेला भावांचा रकाना तुम्हाला मात्र मिळणार नाही. पूर्णांकाची अट घातली की एक्सेल तो रिपोर्ट देतच नाही. आणखी दोन टन कांदा घ्यावा का, असा प्रश्न पडला तर २६ च्या जागी २८ घालून गणित पुन्हा चालवा. दोन ट्रक आणि दोन टेम्पो येतील, ३९,००० रुपये. म्हणजे त्या दोन टनांचं भाडं दीड हजार, टनाला साडेसातशे. बाकी मालाच्या जवळपास निम्म्या भाड्यात जातोय, तेव्हा शेजारच्या व्यापाऱ्याचा दोन टन माल पडून असेल तर आजच विचारा.