नॉर्वेजियन जोडशब्दांना घाबरू नकोस

अरे, ते लांबलचक शब्द बघून सुरुवातीला सगळेच गांगरतात. आधी सांधा शोधायचा, बार्नेहागे म्हणजे बार्न मूल आणि हागे बाग (हसून घे एकदाचं), झाली बालवाडी, मधला ए नुसता जोडायला. बोलताना मुख्य जोर पहिल्या शब्दावर, दुसऱ्यावर हलका, पण तो गिळून टाकायचा नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:
- आपल्या सवयीने सगळ्या सिलॅबल (शब्दाचे उच्चारातले तुकडे) सारख्याच ठोकणं.
- शब्द तोडून लिहिणं. लम्मेलोर जोडून लिहिलं तर कोकराची तंगडी, तोडलं की लुळ्या मांड्या!
- लांबी विसरणं. जोराच्या सिलॅबलमध्ये स्वर तरी लांब नाहीतर व्यंजन, ताक म्हणजे छप्पर (प्यायचं नव्हे) आणि तक्क म्हणजे थँक्यू.

टोनची, म्हणजे शब्दातल्या सुराच्या चढउताराची भानगड सध्या बाजूला ठेव.