आपला संघ हरला, तरी आपली कॉन्फरन्स जिंकावी का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग पूर्ण करून पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि तेथील अमेरिकन फुटबॉल संघाचा निस्सीम चाहता झाला. हंगामात आमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ वाजले की तिकडे दुपारचा सामना सुरू होतो आणि त्याचे फोन येऊ लागतात. गेली दोन वर्षे हा संघ जवळजवळ प्रत्येक सामना हरतो आहे. असे असता, पर्ड्यूचा कट्टर प्रतिस्पर्धी, पण त्याच कॉन्फरन्समध्ये म्हणजे विद्यापीठांच्या गटात असलेल्या इंडियाना विद्यापीठाने जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा मुलगा "निदान आपली कॉन्फरन्स तरी जिंकली" असे म्हणाला आणि त्याचे मित्र त्याच्यावर चिडले. कॉन्फरन्ससाठी अशी आशा बाळगणे योग्य आहे की ती संघाशी प्रतारणा आहे?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या मुलाने प्रतारणा केलेली नाही. त्याचे मित्र का चिडले, हेही मात्र समजून घ्यायला हवे.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळण्यासाठी बांधील असलेल्या विद्यापीठांचा गट. आपल्याकडे याला जोड नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा' ही आरोळी उठते ती फक्त आपल्या कॉलेजसाठी. स्वतःचे कॉलेज आणि संपूर्ण स्पर्धा यांच्यामध्ये निष्ठा ठेवावी असे तिसरे काही तेथे नसते. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये ते असते, आणि पर्ड्यूच्या चाहत्याला त्याचा अभिमान वाटायला विशेष कारण आहे. पर्ड्यूचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी १८९५ मध्ये शिकागो येथे विद्यापीठप्रमुखांची बैठक बोलावली आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षी आज 'बिग टेन' म्हणून ओळखली जाणारी कॉन्फरन्स उभी राहिली. त्या वेळी सात विद्यापीठे होती. २०२४ पासून अठरा आहेत.

या अभिमानाला व्यवहाराचीही बाजू आहे. बिग टेनने २०२२ मध्ये दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला, आणि त्याचे उत्पन्न जुन्या सदस्यांत समान वाटले जाते. कॉन्फरन्समधील एकही सामना न जिंकणाऱ्या पर्ड्यूला बलाढ्य ओहायो स्टेटइतकाच वाटा मिळतो. २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली असून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. एवढी रक्कम उभी करण्याची ऐपत बलाढ्य कॉन्फरन्समध्ये असल्यानेच येते. शिवाय राष्ट्रीय बाद फेरीचे बारा संघ निवडताना निवड समिती प्रतिस्पर्धी किती तुल्यबळ होते हे पाहते. त्यामुळे हंगामाच्या आरंभी ओहायो स्टेटने दुसऱ्या कॉन्फरन्समधील टेक्सासला हरवले, तर बिग टेनमधील प्रत्येक संघाच्या पुढील विजयाचे मोल वाढते. गेली तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिशिगन, ओहायो स्टेट व इंडियाना या बिग टेनच्याच संघांनी जिंकली आहेत. त्याआधीची सलग चार 'एसईसी' या दक्षिणेकडील कॉन्फरन्सकडे गेली होती, हे आठवले की या आनंदाची खोली कळते.

आता मित्रांच्या रागाविषयी. पर्ड्यू आणि इंडियाना ही एकाच राज्यातील विद्यापीठे १९२५ पासून करंडक म्हणून ठेवलेल्या ओकच्या लाकडाच्या एका जुन्या बादलीसाठी खेळत आली आहेत. २०२४ मध्ये पर्ड्यू हा सामना ६६–० असा हरले आणि २०२५ मध्ये घरच्या मैदानावर ५६–३ असा. या दोन्ही हंगामांत बिग टेनमधील एकूण अठरा सामन्यांपैकी एकही पर्ड्यूला जिंकता आला नाही. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या विजेतेपदाला 'आपले' म्हणणे ज्यांना जमत नाही, त्यांची निष्ठा संकुचित आहे असे मला वाटत नाही. कॉन्फरन्सबद्दलची आशा नेहमी दुसऱ्या क्रमांकावर राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कॉन्फरन्स कितीही मोठी झाली तरी मैदानाच्या पायऱ्यांवर विद्यार्थी एकत्र येतात ते आपल्या विद्यापीठासाठी.

मात्र त्याच इंडियानाकडे पर्ड्यूच्या चाहत्याने आणखी एका दृष्टीने पाहावे. २०२३ मध्ये इंडियानाने बारापैकी तीनच सामने जिंकले होते. त्यानंतर कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक आले, आपल्या आधीच्या विद्यापीठातील अनेक खेळाडू त्यांनी सोबत आणले, २०२४ मध्ये अकरा विजय मिळवले आणि पुढच्या हंगामात सोळापैकी सोळा सामने जिंकले. खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे झाल्याने तळातला संघ दोन वर्षांत शिखरावर जाऊ शकतो. हाच नियम उलटही चालतो आणि उमेदीचा खेळाडू अधिक पैसे देणाऱ्याकडे निघून जातो, म्हणून इंडियानाची पुनरावृत्ती गृहीत धरू नये. पर्ड्यूने २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावरील ओहायो स्टेटला ४९–२० असे हरवले होते, २०२१ मध्ये आयोवा व मिशिगन स्टेट या अग्रगण्य संघांना नमवले होते आणि २०२२ मध्ये बिग टेनच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती. इतिहास इतका ताजा असताना येत्या हंगामात कॉन्फरन्समधील दोन-तीन विजयांची आणि त्यापुढच्या वर्षी हंगामानंतरच्या 'बोल' सामन्यासाठी लागणाऱ्या सहा विजयांची आशा धरणे मला पूर्णपणे वाजवी वाटते. मुलाला तसे अवश्य सांगा.

प्रश्न : माझी भाची ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिकते. तिच्या संघाची कॉन्फरन्सच मोडली, असे ती सांगते. मग अशा चाहत्यांनी कशाची आशा करायची?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : आपल्या भाचीचे म्हणणे खरे आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या परंपरेची वारस असलेली 'पॅक-१२' २०२४ मध्ये विस्कटली. बारापैकी दहा विद्यापीठे अधिक उत्पन्नासाठी बिग टेन, बिग १२ आणि एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे गेली. उरली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांच्या संघांनी असे काही गैर केले नव्हते की ही वेळ यावी, आणि शतकभराचे शेजारी पैशासाठी वेगळे होतात याचे मला आजही वाईट वाटते.

तरीही ही दोन विद्यापीठे हटली नाहीत. सर्वोच्च स्तरावरील फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात, आणि २०२६ च्या हंगामासाठी बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, युटा स्टेट व टेक्सास स्टेट यांना घेऊन त्यांनी ती संख्या गाठली. यांपैकी बॉइसी स्टेटने २०२४ च्या हंगामात छोट्या कॉन्फरन्समधून येऊन राष्ट्रीय बाद फेरीत थेट उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत स्थान मिळवले होते. त्यामुळे भाचीने पहिली आशा धरावी ती पुनर्रचित पॅक-१२ च्या विजेतेपदाची, कारण तेथून बाद फेरीची वाट खरोखर उघडी आहे.