किलो समजावताना कुठून सुरुवात करायची

मिरजेत पहिल्यांदाच बोलणार आहेस, म्हणून सांगतो. व्याख्या वाचून दाखवू नकोस. सांगलीत हळदीचे सौदे पाहिलेल्या माणसाला वजन शिकवावं लागत नाही. ते खरं कशावरून, हे त्याला हवं असतं.

एक किलोचं लोखंडी वजन ने आणि लोकांच्या हातात उलटं दे. खालच्या भोकात शिसं भरलेलं असतं, त्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का. मग विचार: निरीक्षकाकडचं वजन कोणी तपासलं? असं करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जा, तिथून पॅरिसजवळच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलापर्यंत. १८८९ पासून तोच जगाचा किलो. शतकभरात तो आणि त्याच्या प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. बदललं कोण, हे ठरवणार कसं? इथे थांब, लोकांना डोकं खाजवू दे. मगच सांग की २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या संख्येला, बांधला. सूत्र फळ्यावर नको. आता कुठली वस्तू जपायची गरज नाही, एवढं पोचलं तरी पुष्कळ.

मीटर, सेकंद त्याच बैठकीत घेऊ नकोस. गुंठ्याचं मात्र कुणी विचारलं तर टाळू नकोस, ३३ फूट बाय ३३ फूट तिथेच आखून दाखव. आणि 'मग बाजारातला किलो बदलला का?' हे विचारतीलच. तसूभरही नाही, असं ठामपणे सांग.