खिडकीची चकचकीत पट्टी काळी करताना

भाऊ, पोर्शे ९११ च्या खिडक्यांभोवतीची चंदेरी पट्टी काळी करायची म्हणता, तर जरूर करा. गावात राहूनही हे हातानं नीट जमतं. पण स्प्रेचा डबा आणू नका. ही पट्टी ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वरचा थर कडक केलेल्या ॲल्युमिनियमची; तिच्यावर तो रंग नीट धरत नाही, अन् पुढं काढताना मूळ चमकही जाते. व्हिनाइल फिल्म, म्हणजे मागं गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावा, ती गरम करून सोलता येते. फिल्म 'कास्ट' (पातळ द्रव ओतून बनवलेली) प्रकारचीच घ्या. स्वस्त 'कॅलेंडर्ड' (रोलरनं दाबून बनवलेली) फिल्म वळणावर आकसते अन् कडा उचलतात.

जागा अन् हवा नीट निवडा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा फिल्म मऊ पडते अन् गोंद लगेच पकडतो. २० ते २५ अंश बरे, म्हणजे हिवाळ्यातली सकाळ, बंद खोली. फक्त त्या खोलीत कापूस भरलेला नसावा. एक तंतू फिल्मखाली गेला की काळ्या रंगावर तो फोडासारखा दिसतो!

नवखे इथं चुकतात:

- पॉलिश पुसत नाहीत. गाडीच्या शाम्पूनं धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं (तेलकटपणा काढणारा द्रव) पुसा, रबराच्या फटीतही.
- फिल्म ताणतात. ताणलेली फिल्म उन्हात मागं सरकते.
- पट्टीवरच ब्लेड चालवतात. ओरखडा कायमचा राहतो. नाइफलेस टेप वापरा; तिच्यातला दोरा ओढला की ब्लेडशिवाय फिल्म कापली जाते.

कड रबराखाली ३-४ मिलिमीटर दाबा. सुरुवात सरळ तुकड्यापासून करा. ग्रिल, बॅज सध्या राहू द्या. दोन दिवस गाडी धुऊ नका.