वाचकांचे प्रश्न : अंगणातला गुलमोहर आणि उचललेली फरशी

प्रश्न : आमच्या बैठ्या घराच्या भिंतीपासून अकरा फुटांवर जुना गुलमोहर आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर साडेचार फूट भरतो. मुळे जमिनीवर येऊन अंगणातली शहाबादी फरशी उचलली गेली आहे, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये मुळांचा झुपका सापडला, आणि यंदा उन्हाळ्यात त्याच बाजूच्या भिंतीला तिरपी भेग पडली. मुळे तोडून त्यांवर ॲसिड ओतावे, असे गवंडी सांगतो. घरातली मंडळी झाडच काढा म्हणतात. आमची जमीन काळी आहे. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींचे खापर एकाच झाडावर फुटत असले, तरी प्रत्येकीचे कारण वेगळे असल्यामुळे त्यांचा विचारही वेगवेगळा करायला हवा.

फरशीचा दोष मात्र खरोखर मुळांचाच. बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात, कारण हवा आणि ओल दोन्ही तिथे मिळतात. माती तुडवून घट्ट झाली असेल किंवा रोज थोडे थोडे पाणी वरवर शिंपडले जात असेल, तर ती आणखी वर राहतात. पुढे खोडाप्रमाणेच मूळही दरवर्षी जाड होत जाते आणि वरची फरशी उचलते. बुंध्याभोवती निदान चार फुटांपर्यंतची फरशी कायमची काढून टाकावी, त्या जागेत पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. उरलेली फरशी सिमेंटात न बसवता वाळूवर बसवावी, म्हणजे काही वर्षांनी ती पुन्हा उचलली गेली तरी काढून सारखी करता येते. मुळे झाकण्यासाठी वर फूटभर मुरूम टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण अशा भरावाखाली मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू वाळत जाते.

चेंबरच्या बाबतीत मूळ निर्दोष आहे, असेच मी म्हणेन. धडधाकट पाइप फोडून मूळ आत शिरत नाही. आधी सांधा गळू लागतो, भोवतालची माती ओली राहते आणि त्या ओलीच्या मागाने केसासारखे बारीक मूळ फटीतून आत जाऊन तिथे फोफावते. आपल्याकडे जुने चिनी मातीचे पाइप आणि सिमेंटने भरलेले सांधे असतील, तर सळई घालून मुळे काढल्याने काही महिन्यांचीच सोय होईल. तेवढ्या टप्प्यात पीव्हीसी पाइप टाकून सांधे नीट चिकटवून घ्यावेत आणि चेंबरला आतून गिलावा करावा.

भिंतीच्या भेगेबद्दल सर्वांत जास्त सावधगिरी हवी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते, की जमिनीला पडलेल्या भेगेत हात जातो. मोठे झाड पायाजवळची ओल शोषून घेत असेल, तर त्या बाजूची माती अधिक आकसते आणि पाया तेवढाच खचतो. मूळ भिंतीला ढकलते, असा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पायाखालची माती हललेली असते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि तिची रुंदी मे महिन्यात व पुन्हा सप्टेंबरमध्ये मोजावी. ती उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल, तर कारण मातीत आहे. ती सतत वाढतच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवण्यास उशीर करू नये. गच्चीचे पाणी नेमके त्या कोपऱ्यात पडत असेल, तर ते पन्हळाने दूर न्यावे आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार असलेली पट्टी करून घ्यावी. झाड एकदम काढून टाकल्यास शोषले जाणारे पाणी मातीतच राहते, ती फुगते आणि जोते वर उचलले जाण्याचा धोका निर्माण होतो, ही गोष्ट घरातल्या मंडळींना अवश्य सांगावी.

आता मुळे तोडण्याविषयी. साडेचार फूट घेराच्या बुंध्याचा व्यास जेमतेम दीड फूट होतो. व्यासाच्या पाचपट, म्हणजे सुमारे सात फूट अंतराच्या आतले मूळ तोडू नये, हा पाळण्याजोगा ठोकताळा आहे. आपल्याकडे अकरा फूट जागा असल्याने बुंध्यापासून आठ फुटांवर, म्हणजे भिंतीपासून तीन फुटांवर, फक्त घराच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर हाताने खणता येईल. त्यात सापडणारी बारीक मुळे धारदार करवतीने सरळ कापावीत, कुदळीने तोडू नयेत. मनगटाएवढे जाड मूळ आढळले, तर जाणकाराला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. चरात एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) जाड पत्रा उभा करून त्याची कड जमिनीच्या इंचभर वर ठेवावी, नाहीतर मुळे त्यावरून पुन्हा पलीकडे येतात. हे काम पावसाळा ओसरल्यावर करावे. एप्रिल-मेमध्ये मुळे तोडलेला गुलमोहर वळवाच्या वादळात कोलमडू शकतो, आणि घराकडची मुळे तुटली, तर आधार कमी होऊन तो कुठे पडेल, याचा भरवसा राहत नाही. ॲसिडने माती आणि झाड दोन्ही बिघडतात. चेंबरच्या सिमेंटलाही ते खाते.

कायद्याची बाजूही पाहावी. शहरी भागातील वृक्षसंरक्षणाचा महाराष्ट्राचा १९७५ चा अधिनियम खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडणे याचा अर्थ त्याला कोणत्याही रीतीने इजा पोहोचवणे असाही होतो. त्यामुळे चर खणण्यापूर्वीही महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे फोटोंसह लेखी अर्ज देऊन ठेवणे श्रेयस्कर. २०२१ च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षांवरील झाडांसाठी नियम अधिक कडक झाले आहेत, म्हणून झाडाचे वय अर्जात नमूद करावे.

प्रश्न : आमच्या सज्जाखालच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. दरवर्षी कापतो, तरी तो पुन्हा फुटतो. – एक वाचक, सातारा

उत्तर : कापल्याने मुळे आतच राहतात, म्हणून तो पुन्हा फुटतो. पावसाळ्यात भिंत ओली असताना त्या जागेचा गिलावा फोडून मूळ जेवढे निघेल तेवढे हलकेच ओढून काढावे, मागची पोकळी सिमेंटने भरावी आणि नंतर वर्षभर नवा कोंब दिसताच खुडावा. मूळ अंगठ्यापेक्षा जाड झाले असेल, तर ओढल्याने विटा सुटतात. तेव्हा ते काम अनुभवी गवंड्याकडूनच करून घ्यावे.